ॲना मे वाँग : कायद्याने लिहिलेले कथानक

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९२४ सालचे एक ओळखपत्र जपून ठेवलेले आहे. त्यावर एका एकोणीस वर्षांच्या मुलीचे छायाचित्र आहे, आणि ही मुलगी देशाबाहेर गेली तर तिला परत येऊ द्यावे, असा त्या कागदाचा आशय आहे. मुलगी लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली. तिचे आईवडीलही कॅलिफोर्नियातच जन्मलेले. तरीही परदेशी जाण्याआधी तिला सरकारी खात्याकडे अर्ज करावा लागे, आणि त्या अर्जाच्या छापील मथळ्यातच अर्जदाराचे वर्णन 'चिनी वंशाचा तथाकथित अमेरिकन नागरिक' असे केलेले असे. ज्या वर्षी हे ओळखपत्र दिले गेले, त्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' हा भव्य मूकपट प्रदर्शित झाला आणि त्यातील मंगोल दासीच्या भूमिकेमुळे हाच चेहरा देशोदेशीच्या प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. जगाने ओळखलेल्या चेहऱ्याला स्वतःच्या गावी परतण्यासाठी ओळखपत्र लागावे, ही विसंगती ॲना मे वाँग या अभिनेत्रीच्या कारकिर्दीच्या आरंभीच उभी आहे.

तिच्याविषयीच्या लेखनात साधारणतः दोन सूर ऐकू येतात. एक हळहळीचा : केवढी गुणी नटी, आणि हॉलिवूडने तिचे काय केले! दुसरा गौरवाचा : चिनी वंशाची पहिली अमेरिकन तारका, जिची प्रतिमा २०२२ साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर उमटली आणि जिच्या रूपाने अमेरिकन चलनावर प्रथमच एक आशियाई वंशाची अमेरिकन व्यक्ती आली. दोन्ही सूर खोटे नाहीत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न या दोहोंतून निसटतो. तो प्रश्न असा : तिची पात्रे इतक्या वेळा मरतात का? उतारवयात ती स्वतःच थट्टेने म्हणत असे, की आपल्या थडग्यावर 'ही हजारदा मेली' एवढेच कोरावे म्हणजे आपल्या चित्रपट-कारकिर्दीची सारी गोष्ट त्यात येईल. आमचे म्हणणे असे, की ही मरणे केवळ पटकथाकारांच्या कल्पनाशक्तीची, किंवा तिच्या दारिद्र्याची, उपज नव्हती. पटकथाकाराच्या शेजारी एक न दिसणारा सहलेखक बसलेला होता, आणि तो म्हणजे त्या काळचा कायदा. कोणत्या प्रेमाचा शेवट लग्नात होऊ शकतो आणि कोणत्या प्रेमाचा होऊ शकत नाही, हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. उरलेले कथानक त्याला धरून जुळवून घ्यावे लागत होते.

तिचा जन्म ३ जानेवारी १९०५ चा. घरचे नाव वाँग लिउ त्सुंग. वडील वाँग सॅम सिंग यांचा कपडे धुण्याचा व्यवसाय होता. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिनी कुटुंबांना जे थोडे धंदे मोकळे होते, त्यांपैकी हा एक. शाळेत गोरी मुले चिडवत आणि छळत, म्हणून तिला व तिच्या थोरल्या बहिणीला चिनी मुलांच्या मिशन शाळेत घालण्यात आले. याच सुमारास चित्रपटाचा धंदा न्यूयॉर्ककडून कॅलिफोर्नियाकडे सरकत होता आणि चिनी वस्तीतील रस्त्यांवर चित्रीकरणाचे तांडे येऊ लागले होते. शाळा बुडवून ही मुलगी ते पाहत उभी राही. 'ॲना मे वाँग' हे जोडनाव तिने वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी स्वतःच तयार केले. १९१९ च्या 'द रेड लँटर्न' या चित्रपटासाठी शेकडो चिनी मुली हव्या होत्या. कंदील घेऊन चालणाऱ्या त्या गर्दीत ती होती. श्रेयनामावलीत नाव नव्हते. त्या चित्रपटाची नायिका चिनी आईच्या पोटची असली, तरी ती भूमिका अला नाझिमोव्हा या रशियात जन्मलेल्या विख्यात नटीकडे होती. पुढे आयुष्यभर जी वाटणी वाँगच्या वाट्याला यायची होती, तिचा नमुना पहिल्याच दिवशी तिच्यासमोर उभा होता : मध्यभागी चिनी वेषातली गोरी नायिका आणि भोवतालच्या गर्दीत खरे चिनी चेहरे.

१९२२ साली, सतरा वर्षांची असताना, तिला 'द टोल ऑफ द सी' या चित्रपटात प्रमुख भूमिका मिळाली. टेक्निकलर कंपनीला आपल्या नव्या द्विरंगी तंत्राची चुणूक दाखवायची होती आणि हा चित्रपट त्या तंत्राचा पहिला मोठा प्रयोग होता. कथा फ्रान्सिस मॅरियन या नामवंत लेखिकेची. परंतु तिचा सांगाडा पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या १९०४ च्या संगीतिकेचा. जपानऐवजी चीन, एवढाच फरक. समुद्रकिनाऱ्यावर वाहत आलेल्या एका अमेरिकन माणसाला लोटस फ्लॉवर नावाची मुलगी वाचवते. दोघांचे चिनी रिवाजाने 'लग्न' होते. तो एकटाच मायदेशी निघून जातो आणि काही वर्षांनी अमेरिकन पत्नीसह परततो. लोटस फ्लॉवर आपला मुलगा त्या दोघांच्या हवाली करते आणि समुद्रात जीव देते. वाँगचा अभिनय आजही पाहण्यासारखा आहे. मूकपटाच्या त्या जमान्यात हातवारे आणि डोळ्यांची फेक यांचा सुकाळ होता. ती मात्र बरेचसे स्थिर राहून आणि अश्रू आवरून धरून काम करते, आणि त्यामुळेच ते अश्रू ओघळतात तेव्हा पाहणारा हलतो.

या कथेत नायिकेचे मरण का आवश्यक आहे, हे नीट पाहू. अमेरिकन नायकाला दोन बायका असू शकत नाहीत. चिनी रिवाजाने झालेले लग्न अमेरिकन कायद्याच्या लेखी लग्नच नाही, असे कथाच सुचवते. मुलगा बापाबरोबर अमेरिकेत गेला पाहिजे. आई जाऊ शकत नाही. ती जिवंत राहिली तर प्रेक्षकाच्या मनात एक हिशेब बाकी राहतो. तिने स्वखुशीने प्राण सोडले, की हिशेब मिटतो आणि वर तिच्या त्यागाविषयी आदरही वाटतो. मरण येथे नैतिक पेच सोडवण्याचे साधन आहे. ते कुणालाही दोषी ठरवत नाही आणि सर्वांना रडण्याची सोय करून देते.

आता या पेचाच्या मुळाशी असलेली कलमे पाहावीत. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद केली आणि चीनमध्ये जन्मलेल्यांना अमेरिकन नागरिक होण्यास मज्जाव केला. तो १९४३ पर्यंत टिकला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार गोरी व्यक्ती आणि 'मंगोलियन' व्यक्ती यांचा विवाह अवैध होता. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध १९४८ साली रद्द ठरवला आणि देशभरातील असे सर्व कायदे १९६७ साली संपुष्टात आले. १९२२ च्या, म्हणजे 'द टोल ऑफ द सी'च्याच वर्षीच्या, एका कायद्याने अशीही तरतूद केली, की नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेही नागरिकत्व गमावेल. ती १९३१ साली दूर झाली. या सर्वांचा एकत्रित अर्थ ॲना मे वाँगच्या दृष्टीने लावून पाहा. गोऱ्या पुरुषाशी लग्न केले तर ते तिच्या राज्यात लग्नच ठरणार नाही, आणि चीनमध्ये जन्मलेल्या पुरुषाशी केले तर ती अमेरिकन राहणार नाही. ती अविवाहित राहिली. त्यामागची खासगी कारणे शोधण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पडद्यावरच्या तिच्या पात्रांपुढचे रस्ते आणि पडद्याबाहेर तिच्यापुढचे रस्ते एकाच नकाशावर बंद झालेले होते, हे नोंदवणे भाग आहे.

चित्रपटधंद्याने स्वतःसाठी घातलेले नियम या कायद्यांच्या सावलीतच वाढले. १९३० साली स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मितिसंहितेत वंशसंकराच्या चित्रणाला बंदी होती. त्या कलमाच्या शब्दांत केवळ गोरे आणि काळे यांचा उल्लेख आहे; व्यवहारात मात्र त्याचा धाक आशियाई पात्रांपर्यंत पसरला. त्यातून एक चमत्कारिक तर्क जन्माला आला. नायक गोरा नट असेल, मग तो चिनी माणसाची भूमिका करीत असला तरी, त्याच्या मिठीत खरी चिनी नटी नको. चिनी नायिकेसाठीही गोरी नटीच घ्यायची, तिच्या डोळ्यांच्या कडा रंगाने लांबवायच्या, आणि खरी चिनी नटी दासी, बहीण किंवा खलनायिका म्हणून बाजूला उभी करायची. १९२८ च्या 'द क्रिम्झन सिटी' या चित्रपटात मर्ना लॉय चिनी नायिका झाली आणि वाँग दुय्यम भूमिकेत राहिली.

त्याच वर्षी ती युरोपला निघून गेली. बर्लिनमध्ये रिचर्ड आइशबर्ग या दिग्दर्शकाने तिला घेऊन चित्रपट केले. ती जर्मन शिकली, इतकी की पुढे व्हिएन्नाच्या रंगभूमीवर तिने जर्मन भाषेतली संगीतिका केली. बर्लिनमध्येच वाल्टर बेन्यामिन तिला भेटला आणि जुलै १९२८ मध्ये 'डी लिटरारिशे वेल्ट' या साप्ताहिकात त्याने त्या भेटीवर लेख लिहिला. आपल्याकडे बेन्यामिन वाचला जातो तो यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीच्या निबंधासाठी. हा छोटा लेख सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. त्याचे उपशीर्षक सूचक आहे : जुन्या पश्चिमेतून आलेली एक चिनी शोभेची वस्तू, अशा अर्थाचे. अमेरिकेच्या पश्चिमेत वाढलेल्या मुलीला युरोपीय दिवाणखान्यातल्या चिनी नक्षीकामाच्या चौकटीत बसवताना आपण काय करीत आहोत, याचे भान त्या उपरोधात आहे असे मानायला जागा आहे. तरीही लेख तिच्या नावाच्या नादाभोवती आणि चिनी प्रतिमांभोवती रेंगाळतो. आधुनिकतेचा एवढा तीक्ष्ण वाचकही तिच्यात लॉस एंजेलिस पाहण्याआधी चीन पाहतो, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

पुढच्या वर्षी लंडनला 'पिकॅडिली' आला. दिग्दर्शक ई. ए. डूपाँ आणि कथा प्रसिद्ध कादंबरीकार आर्नल्ड बेनेट यांची. एका झगमगत्या नृत्यगृहाच्या भांडी घासण्याच्या खोलीत शोशो नावाची मुलगी टेबलावर उभी राहून इतर कामकरणींपुढे नाचते. वर ग्राहकाने घाणेरड्या बशीची तक्रार केलेली असते; तिचा माग काढत मालक खाली येतो आणि तो नाच पाहतो. शोशो खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, रंगमंचाच्या मध्यभागी येते. मालक तिच्यात गुंततो. मात्र दोघांच्या चुंबनाच्या क्षणापाशी येऊन प्रसंग तुटतो, आणि अखेरीस मत्सरापोटी तिच्याच चिनी साथीदाराच्या हातून शोशोचा खून होतो. ब्रिटनमध्ये अमेरिकेसारखा विवाहबंदीचा कायदा नव्हता. पण चित्रपट साम्राज्यभर आणि अमेरिकेतही विकायचा होता. कायद्याची हद्द संपली तरी त्याने घडवलेला बाजार संपत नाही. असे असूनही 'पिकॅडिली' आज पाहिला जातो तो वाँगसाठी. त्यातील शोशो बिचारी नाही. तिला पैसा कळतो, आपली किंमत कळते आणि मालकाशी घासाघीस करताना ती नजर खाली घालत नाही.

याच १९२९ साली लंडनच्या रंगभूमीवर तिने 'द सर्कल ऑफ चॉक' या नाटकात लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर काम केले. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या चिनी नाटकाचे क्लाबुंडने केलेले जर्मन रूपांतर आणि त्यावरून इंग्रजी, अशी त्या संहितेची वाट. मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. तिचाच दुसरा फाटा ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'कडे गेला आणि तेथून चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'पर्यंत पोहोचला, ज्याचा प्रयोग विजया मेहता यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या साहाय्याने उभा केला. लंडनच्या समीक्षकांनी वाँगच्या रूपाची वाखाणणी केली आणि उच्चारांची टर उडवली, कारण चिनी नायिकेच्या तोंडून अस्सल कॅलिफोर्नियाचे इंग्रजी ऐकू येत होते. चेहरा चिनी आणि वाणी अमेरिकन, हे सत्य मूकपटाने झाकून ठेवले होते. रंगभूमीने ते उघडे पाडले. तिने शिक्षक ठेवून उच्च वर्गाचे ब्रिटिश उच्चार आत्मसात केले. बोलपटाचे युग नुकते सुरू झाले होते आणि आवाजावाचून कित्येकांच्या कारकिर्दी बुडत होत्या. तिने मात्र आपला आवाज नव्याने घडवून घेतला.

युरोपातील कीर्ती पाठीशी घेऊन ती १९३० साली परतली. पॅरामाउंटने १९३१ मध्ये 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' हा चित्रपट दिला. खलनायक फू मांचूची ही मुलगी. अर्थातच शेवटी मरते. फू मांचूच्या भूमिकेत स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड होता. तो पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, तरी त्याला १२,००० डॉलर मिळाले आणि तिला ६,०००, असे तिचे चरित्रकार सांगतात.

१९३२ च्या 'शांघाय एक्स्प्रेस'मध्ये तिचे सर्वांत गाजलेले काम आहे. जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या या चित्रपटात मार्लेन डीट्रिख नायिका आहे, आणि तिच्या डब्यात तिच्यासारखीच 'बदनाम' ठरलेली दुसरी प्रवासी ह्वे फे, म्हणजे वाँग. प्रकाश आणि सावल्यांनी भरलेल्या त्या गाडीत ती फारसे बोलत नाही. पत्ते मांडून बसते. बंडखोर सरदार तिच्यावर अत्याचार करतो आणि ती त्याला भोसकून ठार करते. सरदाराच्या भूमिकेत पुन्हा ओलंडच. तिच्या या कृत्यामुळे सर्व प्रवाशांची सुटका होते आणि डीट्रिखचा प्रियकर तिला परत मिळतो. शेवटी स्थानकावर बातमीदार ह्वे फेला गराडा घालतात; ती तुटक उत्तरे देऊन गर्दीत चालू लागते. प्रेमिकांचे मिलन गोऱ्या जोडप्याच्या वाट्याला येते, हे खरे; पण ह्वे फे मरत नाही. बारकाईने पाहिले तर तिला जगता येते याचे कारण तिच्यावर कुणी प्रेम केलेले नाही. लग्नाचा पेचच निर्माण होत नाही, म्हणून मरणाची गरज पडत नाही. अपवाद येथे नियमच सिद्ध करतो.

१९३३ साली एका ब्रिटिश चित्रपट-साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने याविषयी उघड तक्रार मांडली. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खुनी, कपटी आणि विश्वासघातकीच का असतो. इतक्या प्राचीन संस्कृतीच्या लोकांचे हे चित्र का, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. आपल्या व्यवसायात वावरत असतानाच त्याच्या मुळावर बोट ठेवण्याचे धैर्य त्या काळी फार थोड्या नट्यांत होते.

मग 'द गुड अर्थ' आला. पर्ल बकची १९३१ ची कादंबरी पुलित्झर मिळवून घरोघरी पोहोचली होती; चिनी शेतकऱ्याला माणूस म्हणून पाहणारी म्हणून ती नावाजली गेली. एमजीएमने तिच्यावर चित्रपट काढायचे ठरवले तेव्हा ओ-लानच्या भूमिकेसाठी वाँगचे नाव अनेकांच्या मनात होते. पण शेतकरी वाँग लुंग म्हणून पॉल म्यूनी ठरला आणि ओ-लान लुइझे राइनरकडे गेली. वाँगला विचारणा झाली ती लोटससाठी, म्हणजे कुटुंब उद्ध्वस्त करणाऱ्या उपपत्नीसाठी. साऱ्या प्रमुख चिनी भूमिका इतरांना देऊन चिनी रक्ताच्या आपल्यालाच तेवढी एकमेव खल भूमिका का, असे म्हणून तिने ती नाकारल्याचे प्रसिद्ध आहे. कंपनीच्या अंतर्गत टिपणांत मात्र तिच्या चाचणीविषयी नापसंती नोंदलेली आढळते. इतिहासात नकार कुणी कुणाला दिला याच्या दोन बाजू राहतात, परिणाम एकच. लोटसची भूमिका व्हिएन्नाच्या टिली लॉश या नर्तकीने केली. चीनच्या मातीतल्या या कुटुंबात नवरा, बायको आणि उपपत्नी तिघेही मध्य युरोपातून आलेले होते, आणि वाँगची धाकटी बहीण मेरी एका छोट्या भूमिकेत होती. राइनरला ऑस्कर मिळाले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश. मग राइनरने चिनी शेतकरीण साकारली यात गैर काय? आमचे उत्तर असे, की परकायाप्रवेशाला आमचा विरोध नाही. पण तो दोन्ही दिशांनी खुला असला पाहिजे. राइनर ओ-लान होऊ शकते, तर वाँगला ॲना कारेनिना होता आले पाहिजे. ते दूरच, तिला ओ-लानही होता आले नाही. दार एकाच बाजूने उघडते तेव्हा प्रश्न अभिनयकलेचा राहत नाही, मालकीचा होतो. याच काळात मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलिवूडची मोठी तारका झाली; १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. आपण टास्मानियात जन्मलो, असे ती जन्मभर सांगत राहिली आणि तिचे दक्षिण आशियाई मूळ तिच्या मृत्यूनंतर जगासमोर आले. तिचा चेहरा लपवण्याजोगा होता, वाँगचा नव्हता. लपवता येणाऱ्याला नायिकापद मिळाले आणि त्याची किंमत आयुष्यभराच्या खोटेपणाने चुकवावी लागली. दोघींपैकी कुणाचे भाग्य बरे, हे आम्हांला ठरवता येत नाही.

१९३६ च्या आरंभी वाँग चीनला गेली. या प्रवासाविषयी तिने 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'साठी लेख लिहिले आणि प्रवासाचे चित्रीकरणही करवून घेतले. येथे विसंगतीला नवे टोक आले. तिची बोली दक्षिणेतील ताइशानची. शांघायमध्ये ती कुणाला समजेना आणि दुभाष्याची गरज पडू लागली. वृत्तपत्रे विचारत, तू देशाची बदनामी करणाऱ्या भूमिका का करतेस? 'शांघाय एक्स्प्रेस'मुळे चीनचे सरकार दुखावलेलेच होते, आणि 'द गुड अर्थ'च्या वेळी एमजीएमच्या चिनी सल्लागारानेही तिच्या निवडीविरुद्ध मत दिले होते. तिने उत्तर दिले की भूमिका निवडणे आपल्या हाती नाही, आणि म्हणूनच आपण देश समजून घ्यायला आलो आहोत. ते खरेच होते. परंतु प्रतिमेला बळी पडलेल्या माणसालाच त्या प्रतिमेचा गुन्हेगार ठरवले जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. अमेरिकेत ती फार चिनी होती. चीनमध्ये फार अमेरिकन.

परतल्यावर पॅरामाउंटने तिला दुय्यम दर्जाच्या, कमी खर्चाच्या चित्रपटांत घेतले. हाच तिच्या कारकिर्दीतील सर्वांत मोकळा काळ ठरावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९३७ च्या 'डॉटर ऑफ शांघाय'मध्ये ती बापाच्या खुनाचा छडा लावणारी नायिका आहे आणि तिचा साथीदार कोरियन वंशाचा फिलिप आन. दोघेही आशियाई, कायद्याला हरकत घ्यायला जागा नाही. त्यामुळे चित्रपटाच्या शेवटी नायक-नायिका चक्क जिवंत राहतात आणि लग्नाचे बोलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००६ साली या चित्रपटाचा समावेश झाला. १९३९ च्या 'किंग ऑफ चायनाटाउन'मध्ये ती शल्यविशारद आहे. पहिल्या दर्जाच्या भव्य चित्रपटात जे अशक्य, ते दुय्यम दर्जाच्या चित्रपटात शक्य झाले, कारण तेथे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. साहित्याच्या इतिहासातही असे घडते. प्रतिष्ठित प्रकारांत ज्यांना जागा नसते, ती माणसे रहस्यकथेत आणि स्वस्त मासिकांत आधी माणसे म्हणून वावरू लागतात.

युद्धकाळात तिने जपानी आक्रमणाविरुद्धचे दोन चित्रपट केले आणि त्यांचे मानधन चीनच्या मदतनिधीला दिले. १९५१ साली 'द गॅलरी ऑफ मादाम लिउ-त्सुंग' ही दूरचित्रवाणी मालिका आली. आशियाई वंशाच्या व्यक्तीची प्रमुख भूमिका असलेली ही पहिली अमेरिकन मालिका. कलादालनाची मालकीण आणि हौशी गुप्तहेर असे ते पात्र, आणि त्याचे नाव तिचे स्वतःचे, जन्माच्या वेळी मिळालेले. त्या मालिकेचा एकही भाग आज उपलब्ध नाही. १९६० मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर तिच्या नावाचा तारा बसवला गेला. 'फ्लॉवर ड्रम साँग' या चित्रपटात, जिथे अखेर बहुतेक चिनी पात्रे आशियाई वंशाचे नट करणार होते, तिला भूमिका ठरली होती. पण प्रकृती खालावलेली होती. ३ फेब्रुवारी १९६१ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तिचे निधन झाले. तिच्या अस्थी आईच्या थडग्यात ठेवल्या आहेत. शिळेवर इंग्रजी अक्षरांत आईचे नाव आहे; तिचे नाव कडेला, चिनी लिपीत. हजार मरणांचा उल्लेख तेथे नाही.

तिचे यश किती आणि अपयश किती, याचा हिशेब मांडण्यापेक्षा तिच्या चित्रपटांकडे कायदा वाचण्याची साधने म्हणून पाहिले, तर अधिक हाती लागते असे आम्हांला वाटते. कलमे कोरडी असतात. ती कुणाचे काय करतात हे त्यांतून कळत नाही. लोटस फ्लॉवर समुद्रात उतरते तेव्हा ते कळते. आणि कथेतील पात्राला मरणे भाग पडावे अशी रचना दिसली, की त्या मरणाने कुणाची सोय होते हा प्रश्न विचारण्याची सवय या चित्रपटांतून लागू शकते. ती सवय आपल्या भाषेतील कथा-कादंबऱ्या वाचतानाही उपयोगी पडेल.

'द टोल ऑफ द सी'ची मूळ प्रत सापडली तेव्हा तिचा अखेरचा भाग हरवलेला होता. १९८५ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील चित्रपट-संग्रहालयाने तिचा जीर्णोद्धार केला, तेव्हा जुन्या द्विरंगी कॅमेऱ्यानेच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मावळतीचा समुद्र नव्याने चित्रित करून शेवटी जोडण्यात आला. आज तो चित्रपट पाहणाऱ्याला नायिकेचे बुडणे दिसत नाही. तिचा चेहरा दिसतो, आणि त्यानंतर नुसते पाणी.